बिल कलेक्टरला कोण काढू शकतं?

इंदुरात संपत्ती कराची (आपल्याकडचा मालमत्ता कर) थकबाकी मागायला दारात येणारी दोन माणसं, म्हणजे बिल कलेक्टर, वरून सारखीच दिसतात. दोघांच्या गळ्यात निगमचं, म्हणजे महापालिकेचं, ओळखपत्र, हातात पावतीचं मशीन, खिशात वॉर्डातल्या थकबाकीदारांची यादी. यातल्या एकाला नोकरीवरून काढायचं तर आरोपपत्र, चौकशी, साक्षी, अहवाल असं महिनोन्‌महिने चालणारं सोपस्काराचं काम करावं लागतं. दुसऱ्याला संध्याकाळी झोन ऑफिसात 'उद्यापासून येऊ नका' एवढं सांगितलं की संपलं. वॉर्ड तोच, काम तेच, लोकांचं ऐकून घेणंही तेच. हा फरक कायद्यात कुठून आला, आणि कर भरणाऱ्या माणसाला त्याच्याशी काय देणंघेणं, याबद्दल हा लेख आहे.

माझं मत आधीच सांगून टाकावंसं वाटतं. वसुली करणाऱ्याच्या नोकरीला जे संरक्षण आहे, त्याचा मोठा वाटा आपल्याच पदरात पडतो. ते कसं, हे कळायला त्याच्या कामात दबाव नेमका कुठे येतो हे आधी पाहायला हवं.

मध्य प्रदेशात 1997 च्या नियमांपासून संपत्ती कर मालकाने स्वतः भरलेल्या विवरणावर बसतो. बांधकाम किती चौरस फूट, घर कुठल्या रेट झोनमध्ये (दरांच्या कुठल्या विभागात), वापर राहण्याचा की धंद्याचा, स्वतः राहता की भाड्याने दिलंय, हे मालकच लिहून देतो. त्यावरून वार्षिक भाडेमूल्य काढतात आणि त्यावर कर. स्वतः राहत असाल तर या करात निम्मी सूट. म्हणजे कागदावरच्या एका खुणेने बिल अर्ध्यावर येतं, आणि 'निवासी' ऐवजी 'व्यावसायिक' लिहिलं तर ते बरंच चढतं.

आता समजा, इंदूरच्या भंवरकुआँ भागात एक तीन मजली घर आहे. खाली चष्म्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर मालक, वर कोचिंगला आलेली पोरं पेइंग गेस्ट म्हणून. विवरणात मात्र तिन्ही मजले निवासी, सगळं स्वतःच्या वापरात. बिल कलेक्टर जिन्यात उभा राहून विजेचे मीटर मोजतो, वरच्या दारापुढच्या चपला बघतो, दुकानाच्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढतो. त्याने खरं लिहिलं तर निगमला हक्काचे पैसे मिळतील आणि शेजारच्या प्रामाणिक मालकावर अन्याय होणार नाही. पण तो जिना उतरेपर्यंत त्याचा फोन वाजलेला असतो: 'अरे भैया, अपने ही आदमी हैं, ज़रा देख लेना.' या फोनला तो काय उत्तर देईल, हे त्याच्या स्वभावावर अवलंबून आहेच. पण फोन करणाऱ्याच्या एका शब्दावर त्याची उद्याची हजेरी बंद होऊ शकते का, यावर ते त्याहून जास्त अवलंबून आहे.

पक्क्या नोकरीतलं 'पक्कं' म्हणजे काय

बहुतेकांना वाटतं की सगळ्या सरकारी नोकरांना राज्यघटनेच्या कलम 311 चं कवच असतं. ज्याने नेमलं त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने काढायचं नाही, आणि आरोप कळवून, म्हणणं मांडायची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करायचं नाही, असं ते कलम सांगतं. पण ते आहे केंद्र किंवा राज्य सरकारच्या नागरी पदावरच्या माणसांसाठी. साठच्या दशकात आसामातल्या एका मौजादाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मौजादार म्हणजे ठरलेल्या भागातला शेतसारा गोळा करणारा. त्याच्या कमाईत कमिशनही असे. न्यायालयाने म्हटलं, हा राज्याच्याच पदावरचा माणूस आहे, त्याला 311 लागू. आपला बिल कलेक्टरही कर गोळा करतो, पण त्याची मालक महापालिका. महापालिका ही कायद्याने घडवलेली स्वतंत्र संस्था, म्हणून तिच्या नोकराला 311 मिळत नाही.

मग तो उघड्यावर आहे का? नाही. महापालिका राज्य सरकारचं खातं नसली, तरी घटनेच्या कलम 12 खाली ती 'राज्य' या व्याख्येत येते. त्यामुळे समानतेचं कलम 14 आणि सरकारी नोकरीत समान संधीचं कलम 16 तिला बांधून ठेवतात. शिवाय 1956 चा मध्य प्रदेश नगर पालिक निगम अधिनियम आणि त्याखालचे 2000 सालचे सेवानियम आहेत. नेमणूक, बढती, शिक्षा हे सारं त्यांच्या चौकटीत व्हावं लागतं. शिस्तीच्या कारवाईची रीत साधारण राज्य कर्मचाऱ्यांच्या 1966 च्या नियमांच्याच वळणाची.

इथे कर्नाटकातल्या शिरसी नगरपालिकेचा 1973 चा निकाल फार मोलाचा आहे. एका कर्मचारी महिलेला नियम डावलून काढलं होतं. नगरपालिकेचं म्हणणं साधारण असं की, मालक-नोकराचा करार मोडला, तर फार तर नुकसानभरपाई मागा. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. खासगी घरगुती नोकरी वेगळी, कामगार कायद्याखालची वेगळी आणि कायद्याने घडवलेल्या संस्थेतली वेगळी, असे तीन प्रकार न्यायालयाने मांडले. तिसऱ्या प्रकारात नियम मोडून काढलं असेल तर ते काढणंच रद्द, माणूस नोकरीतच आहे असं धरायचं. इंदूरच्या पक्क्या बिल कलेक्टरला हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात कलम 226 खाली रिट (थेट हायकोर्टात करायची याचिका) घेऊन जाता येतं, ते याच पायावर.

प्रत्यक्षात कारवाई कशी होते? आधी आरोपपत्र. त्यात 'कामात हलगर्जी' असं मोघम लिहून चालत नाही. कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, किती रकमेची पावती कमी फाडली, हे लिहावं लागतं. सोबत कागदांची आणि साक्षीदारांची यादी. मग लेखी उत्तर. उत्तर पटलं नाही तर चौकशी अधिकारी नेमतात, निगमच्या बाजूने मांडणी करायला वेगळा अधिकारी असतो. कर्मचारी साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ शकतो. शेवटी चौकशी अहवाल येतो, आणि शिक्षा ठरण्याआधी त्याची प्रत कर्मचाऱ्याला द्यावीच लागते; 1993 च्या करुणाकर निकालाने हे पक्कं केलं. ही प्रत न दिल्यामुळे कितीतरी ठिकाणी पुढची सगळी कारवाई कोर्टात अडखळते. मग लोक म्हणतात, 'कोर्टाने चोराला सोडलं.' पुष्कळदा गाडी अडलेली असते ती चार पानांची प्रत वेळेत न दिल्याने.

शिक्षांच्याही पायऱ्या आहेत. ठपका, वेतनवाढ रोखणं, नुकसानीची वसुली, खालच्या पदावर आणणं, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणं आणि शेवटी बडतर्फी. शेवटच्या दोन्हींत नोकरी जाते, पण बडतर्फ झालेल्याला पुढे सरकारी नोकरीची दारं साधारणपणे बंद होतात. सेवेतून काढलेल्याला ती तशी बंद होत नाहीत.

नव्याने लागलेला, परिवीक्षेवरचा माणूस अर्थातच एवढा भक्कम नसतो. काम समाधानकारक नाही म्हणून त्याला साध्या आदेशाने थांबवता येतं. मात्र त्या आदेशात 'पैसे खाल्ले' असा डाग लावायचा असेल, तर चौकशी करावीच लागते.

टार्गेट चुकलं म्हणून

मार्च महिना आला की प्रत्येक महापालिकेत वसुलीच्या आकड्यांची धांदल उडते. लोक अदालतीत अधिभारावर सूट जाहीर होते, रविवारी काउंटर उघडे राहतात आणि झोनच्या बैठकीत एकेका वॉर्डाचा आकडा मोठ्याने वाचला जातो. आकडा कमी पडला की निलंबनाची भाषा सुरू होते.

या मुद्द्यावर कायदा बराच समंजस आहे. जे. अहमद प्रकरणात 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामात कमी पडणं आणि गैरवर्तन या दोन गोष्टी वेगळ्या. हेतू वाईट असेल किंवा निष्काळजीपणा गंभीर असेल, तर ते गैरवर्तन. नुसती कार्यक्षमता कमी पडली, एवढ्यावर ते होत नाही. वसुलीला हे लावून पाहा. वॉर्डातली निम्मी थकबाकी कोर्टात अडकलेल्या एका मोठ्या मिळकतीची असेल, तर बिल कलेक्टर रोज दार ठोठावूनही आकडा हलणार नाही. ज्याच्या हातात जप्तीचा आदेश काढणं नाही, त्याला जप्ती झाली नाही म्हणून शिक्षा करणं न्यायाचं होणार नाही. उलट, भरलेली रक्कम त्याने खात्यात जमाच केली नाही, तर तिथे आकड्याचा प्रश्नच उरत नाही. ते सरळ गैरवर्तन.

कर आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणखी एक निकाल जवळचा आहे. नागपूरच्या केंद्रीय उत्पादन शुल्काच्या कलेक्टरांनी एका प्रकरणात दंड लावला नाही, म्हणून त्यांच्यावर आरोपपत्र निघालं. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. निर्णय चुकला असेल तर वर अपील करा, पण त्यामागे स्वार्थ किंवा बाहेरचा हात आहे असं दाखवणारं काही हाताशी नसताना चुकीच्या निर्णयालाच गुन्हा ठरवू नका, असा त्याचा आशय. हे नसेल तर प्रत्येक अधिकारी स्वतःला वाचवण्यासाठी जास्तीत जास्त कर आणि दंड लावत सुटेल, आणि त्याचा फटका तुम्हा-आम्हाला बसेल.

निलंबनाचंही थोडं सांगायला हवं. निलंबन ही शिक्षा धरली जात नाही; चौकशीत अडथळा येऊ नये म्हणून माणसाला बाजूला ठेवायचं, एवढाच त्याचा हेतू. त्या काळात निर्वाह भत्ता द्यावा लागतो, साधारणपणे सुरुवातीला निम्म्या पगाराच्या हिशेबाने. 1983 साली महाराष्ट्राचाच एक नियम सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला: फौजदारी खटल्यात दोषी ठरून अपील करणाऱ्या निलंबित नोकराला महिना एक रुपया निर्वाह भत्ता. एका रुपयात माणूस जगेल कसा आणि लढेल कसा? आणि 2015 मध्ये न्यायालयाने सांगितलं की तीन महिन्यांत आरोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे ओढायचं नाही.

या सगळ्याने लाचखोर वाचतो का? वाचू नये अशी सोय कायद्यात आहे. लोकायुक्त पोलिसांनी सापळ्यात पकडलं तर 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली खटला वेगळा चालतो आणि खात्याची चौकशी वेगळी. खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, खात्याच्या चौकशीत शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढं पुरतं. कोर्टात शिक्षा झाली तर त्याच आधारावर, पुन्हा चौकशी न करता, नोकरी काढून घेता येते. म्हणजे ज्याला खरोखर हटवायचं आहे त्याला हटवायचा रस्ता आहे. फक्त आरोप सिद्ध करायची तयारी हवी.

कच्च्या नोकरीतली माणसं

दारात येणारं दुसरं माणूस बहुधा मस्टरवरचं असतं. दैनिक वेतनभोगी, म्हणजे रोजंदारीवरचं. त्याची नेमणूक जाहिरात, परीक्षा, निवड यादी अशा रस्त्याने झालेली नसते. कधीकाळी माणसं कमी पडली, कुणीतरी चिठ्ठी दिली, झोनवर हजेरी लागायला लागली, आणि बघता बघता पंधरा वर्षं गेली. वॉर्डातली गल्ली न्‌ गल्ली त्याला पाठ. कुठल्या घराचा मालक वारला, कुणाचा वारसांत वाद आहे, कुठला प्लॉट दोनदा विकला गेलाय, हे कॉम्प्युटरपेक्षा त्याला जास्त माहीत.

त्याच्या वाट्याला 10 एप्रिल 2006 चा उमादेवी निकाल येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की मागच्या दाराने आलेल्यांना कोर्टाने कायम करत राहणं म्हणजे बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बेरोजगारांवर अन्याय. हे म्हणणं चुकीचं म्हणता येणार नाही. पण त्याच निकालात एक खिडकी ठेवली होती: मंजूर रिक्त पदावर, पात्रता असलेला माणूस, कोर्टाच्या स्थगितीच्या आधाराशिवाय दहा वर्षं काम करत असेल, तर सरकारांनी एकदाच आढावा घेऊन अशांना नियमित करावं. व्यवहारात पुष्कळ कार्यालयांनी निकालाचा पहिला भाग तोंडपाठ केला आणि दुसरा बासनात ठेवला.

मध्य प्रदेश सरकारने 7 ऑक्टोबर 2016 ला एक मधला मार्ग काढला. 16 मे 2007 रोजी कामावर असलेल्या आणि अजूनही काम करणाऱ्या दैनिक वेतनभोगींना 'स्थायी कर्मी' म्हणायचं, आणि अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा तीन वर्गांत ठरावीक वेतनश्रेणी द्यायची. निगमांत अशांना बोलताना 'विनियमित' म्हणतात. नाव ऐकून वाटतं, झालं, माणूस कायम झाला. तसं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात मध्य प्रदेशच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कामगार स्थायी आदेशांखाली (कामाच्या अटी ठरवणाऱ्या नियमांखाली) 'स्थायी' असं वर्गीकरण होणं आणि नियमित पदावर सामावलं जाणं यात अंतर आहे. अशा स्थायी माणसाला वेतनश्रेणीचा किमान पगार मिळेल, वेतनवाढी मिळणार नाहीत. तरीही रोजंदारीपेक्षा ही पायरी वरचीच, कारण वर्गीकरणाचा लेखी आदेश हातात असलेल्या माणसाला तोंडी 'येऊ नको' म्हणणं अवघड जातं.

या वर्तुळात सगळ्यात जास्त गैरसमज 240 दिवसांबद्दल आहे. 'वर्षात 240 दिवस भरले की कायम' असं झोनच्या चहाच्या टपरीवर कुणीही सांगेल. खरं असं की 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने 240 दिवस भरलेल्या माणसाला कायम नोकरीचा हक्क दिला नव्हता. त्याला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्या, एवढा हक्क दिला होता. हेही न करता काढलं तर ते काढणं बेकायदा. पण अलीकडच्या बऱ्याच निकालांत रोजंदारीच्या माणसाला परत घेण्याऐवजी ठोक रक्कम देण्याकडे न्यायालयांचा कल राहिला.

कर वसुली हा 'उद्योग' कसा, हा प्रश्न इथे मनात येणारच. तो 1960 मध्ये नागपूर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात आला होता. न्यायालयाने एकेक खातं तपासलं: पाणी, दिवाबत्ती, अग्निशमन, बागा, आणि कर खातंसुद्धा. कर ज्या सेवांसाठी गोळा होतो त्या सेवा उद्योगात मोडतात आणि कर खात्याचं काम त्यांच्यापासून वेगळं काढता येत नाही, म्हणून कर खात्यातल्या लोकांनाही कामगार कायद्याचा लाभ मिळेल, असं ठरलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. नोटीस आणि भरपाईचं तत्त्व तिच्यातही आहे, पण 'उद्योग' या शब्दाची व्याख्या नव्याने लिहिली गेली आहे. त्यामुळे नागपूरचा युक्तिवाद नव्या शब्दांत पुन्हा मांडावा लागेल.

हवा थोडी बदलते आहे, हेही खरं. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई आणि बागकामाच्या माणसांबाबत (जग्गो प्रकरण) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की उमादेवी निकालाचा वापर वर्षानुवर्षं राबलेल्यांना डावलण्यासाठी होतो आहे. जानेवारी 2025 मध्ये गाझियाबाद नगर निगमच्या माळ्यांना परत कामावर घ्यायला आणि मधल्या काळाचा निम्मा पगार द्यायला सांगितलं. माळी आणि वसुलीवाला यांच्यात कामाचा फरक आहे, पण मालक एकाच जातीचा: महापालिका.

एजन्सीमार्फत आलेल्यांचं थोडक्यात सांगता येतं. कागदावर त्यांचा मालक ठेकेदार, आणि ठेका संपला की नोकरी संपली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या निकालानंतर ठेका पद्धत बंद झाली तरी मूळ संस्थेत आपोआप सामावून घेतलं जात नाही.

आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 'लोकसेवक' या शब्दात स्थानिक संस्थेच्या नोकरीत किंवा पगारावर असलेली कुणीही व्यक्ती येते. मस्टरवरचा माणूसही त्यात आला. पाचशे रुपये घेताना सापडला तर तो पूर्ण लोकसेवक, पक्क्या नोकराइतकाच. पण त्याने पाचशे रुपये नाकारून खरं विवरण लिहिलं आणि त्यापायी कुणी दुखावलं, तर तो कुणीच नाही. कायद्यात नोटीस आणि भरपाई असली, तरी प्रत्यक्षात त्याची हजेरी कारणसुद्धा न लिहिता बंद होते. जबाबदारी पूर्ण आणि आधार जवळजवळ शून्य. भंवरकुआँच्या त्या जिन्यावर अशा माणसाकडून आपण हिमतीची अपेक्षा कशी करायची?

85 वॉर्डांच्या शहरात रस्ता, ड्रेनेज, कचऱ्याची गाडी, पथदिवे यांचा पैसा याच वसुलीतून उभा राहतो. ओळख नसलेल्याने पूर्ण कर भरायचा आणि ओळख असलेल्याने निम्मा, असं होऊ द्यायचं नसेल, तर जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला फोनवर 'नाही साहेब, नियमात बसत नाही' म्हणता आलं पाहिजे. मंजूर पदं वेळच्या वेळी, खुल्या परीक्षेने भरली तर मस्टरचा प्रश्न मुळातच उरणार नाही. जे आधीच वर्षानुवर्षं राबलेत त्यांना काढण्याआधी निदान लेखी कारण आणि उत्तराची संधी मिळावी. यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. आयुक्तांच्या एका परिपत्रकाने हे होण्यासारखं आहे.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी अशा नोकरीत असेल तर त्यांना कागद जपायला सांगा. हजेरीपत्रकाचे फोटो, पगार जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी, ओळखपत्राच्या जुन्या-नव्या प्रती, वॉर्ड नेमून दिल्याचे आदेश, पावती मशीन ताब्यात दिल्याची सही. 240 दिवस भरल्याचं आधी कामगारालाच दाखवावं लागतं, आणि मस्टर निगमच्या कपाटात असतं. तोंडी 'येऊ नको' म्हटलं तर त्याच दिवशी झोनला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी: मी कामावर हजर आहे, मला काम दिलं जात नाही. आणि बसून राहू नये. जुन्या कायद्यात असा वाद उभा करायला तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोनच आहेत.